घाशीरामाची शिक्षा

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली रंगभूमीवर आले, तेव्हा वाद माजला तो नाना फडणविसांच्या चित्रणावरून. सूडनाट्य म्हणून त्याचा विचार त्यामुळे मागे पडला. वस्तुतः या नाटकाची जातकुळी जॅकोबियन शोकांतिकेच्या फार जवळची आहे.

कनोजचा घाशीराम पुण्यात येतो, चोरीचा खोटा आळ येऊन मार खातो आणि सुडाची प्रतिज्ञा करतो. ‘शिक्षा’ हा शब्द आज आपण दंड या अर्थी योजतो. परंतु ‘शिक्ष्’ धातूचा अर्थ शिकणे असा आहे आणि वर्णोच्चाराच्या वेदांगासही प्राचीनांनी हेच नाव दिले. घाशीराम या शिक्षेतून शिकतो ते इतकेच, की अपराध सिद्ध व्हावा लागत नाही. कोतवाली मिळताच चोरीचा आळ आलेल्या एका ब्राह्मणाच्या हातावर तो तापलेला लोखंडी गोळा ठेववितो.

ही कोतवाली त्याने कन्या गौरीच्या मोलाने घेतली आहे. नानांच्या भोगाला बळी पडून ती मरते. (तिला नाटकात स्वतःची अशी भाषा जवळजवळ नाही, ही मला उणीव वाटते.) ‘रिव्हेंजर्स ट्रॅजेडी’मध्ये (१६०७, कर्तृत्व पूर्वी टर्नरचे मानीत, आता बहुतेक अभ्यासक मिडल्टनचे मानतात) ड्यूकने जिला विष देऊन मारले, तिच्याच कवटीला विष लावून विंदिची ड्यूकला तिचे चुंबन घ्यावयास लावतो. तेथे दंड अपराध्याला बिनचूक गाठतो. घाशीरामाचा सूड नानांपर्यंत पोचतच नाही. नानांनी समजूत घालताच तो माघारी वळतो आणि सारा संताप पुणेकरांवर काढतो.

पुढे कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मरतात (ही मूळ घटना १७९१ ची) आणि नाना घाशीरामाला जमावाच्या स्वाधीन करतात. जमाव दगड मारतो तो त्या ब्राह्मणांसाठी. घाशीराम ते दगड मागून घेतो ते मुलीच्या मृत्यूबद्दल. दंड एक, अपराध दोन. आणि दुसऱ्या अपराधातील भागीदारच निवाडा देणारा! अँटोनियोही विंदिचीला देहान्त शासन देतो ते स्वतःच्या सुरक्षिततेसाठीच. पण ड्यूकच्या पापांत त्याचा वाटा नव्हता.

जब्बार पटेलांच्या प्रयोगातील ब्राह्मणांची मानवी भिंत मला येथे अर्थपूर्ण वाटते. मार खाणारे आणि दगड मारणारे देह तेच. घाशीराम पडतो, नाना उत्सव जाहीर करतात आणि ती रांग पुन्हा डोलू लागते.