आर्चीला हसतं कोण?

मागच्या वेळी आपण बर्गसाँपाशी थांबलो होतो. हसायचं तर काळीज क्षणभर बधिर व्हावं लागतं, असं तो १९०० साली लिहून गेला. आज त्याची उलटतपासणी घेणारा माणूस पाहू : नॉर्मन लिअर.

जन्म १९२२, मृत्यू २०२३. 'डिव्होर्स अमेरिकन स्टाइल' हा १९६७ चा चित्रपट त्यानं लिहिला, निर्मितीही केली. पटकथेला ऑस्कर नामांकन मिळालं. पण नाव राहिलं ते १९७१ मध्ये सुरू झालेल्या 'ऑल इन द फॅमिली' या मालिकेमुळे. मूळ कल्पना एका ब्रिटिश मालिकेची. आर्ची बंकरमध्ये मात्र लिअरनं स्वतःचे वडील ओतले. बायकोला गप्प करायची आर्चीची तऱ्हा त्यांचीच.

हा आर्ची कृष्णवर्णीयांबद्दल, ज्यूंबद्दल, बायकांबद्दल वाटेल ते बोलतो. आणि तरी आवडतो! काळीज जागं ठेवून हसवणं हे लिअरचं मोठेपण. अडचणही तीच, बरं का. विडमार आणि रोकीच या मानसशास्त्रज्ञांना १९७४ च्या अभ्यासात दिसलं, की ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना आर्चीचंच म्हणणं पटत होतं. हशाला दिशा नसते हो. आर्चीला हसणारा आणि आर्चीबरोबर हसणारा, दोघांना एकच हशा ऐकू येतो. दोघांनाही वाटतं, सगळे आपल्याच बाजूचे.

मीही वर्गात एका जातीयवादी गृहस्थाची नक्कल करायचो. वर्ग खदखदून हसायचा. एकदा तास संपल्यावर एक विद्यार्थी थांबला. म्हणाला, "सर, ती वाक्यं मुलं आता होस्टेलवर मला ऐकवतात." मी नक्कल बंद केली.

लिअर नुसता बंद करून थांबला नाही. आर्चीच्या शेजारचं कृष्णवर्णीय जेफर्सन कुटुंब त्यानं १९७५ मध्ये स्वतंत्र मालिकेत नेलं. जॉर्ज जेफर्सनही तोंडाळ, त्याचेही पूर्वग्रह आहेतच. शेजाऱ्याला लिअरनं संत केलं नाही. चुकायचा आणि हसवायचा हक्क दिला. विनोद कोणावर, एवढंच विचारून भागत नाही. तो करायची पाळी कोणाला मिळते, हेही विचारा.

त्या मुलाला मी तेव्हा फळ्यापाशी बोलावलं नाही. ते राहूनच गेलं.

असो. प्रश्न घेऊ या.