'केंद्रोत्सारी' : एका पारिभाषिक शब्दाची चिकित्सा

प्रस्तुत टिपणात 'सेंट्रिफ्यूज' या शब्दाचा अर्थ व मराठीतील त्याचे उपयोजन यांचा विचार केला आहे. लॅटिनमधील 'सेंट्रम' म्हणजे केंद्र आणि 'फुगेरे' म्हणजे पळणे, यांपासून तो सिद्ध झाला. वर्तुळाकार गतीतील बलाला ह्यूजेन्सने १६५९ मध्ये हे नाव दिले. पुढे न्यूटनने 'प्रिन्सिपिया'त (१६८७) केंद्राकडे ओढणाऱ्या बलाची संज्ञा रूढ केली.

मराठीतील 'केंद्रोत्सारी' हा पर्याय वरवर चोख वाटतो. परंतु उत्सारण म्हणजे दूर सारणे. मूळ शब्दात वस्तू स्वतः पळते. मराठीत तिला कोणीतरी हाकलते! 'अपकेंद्री' हा पर्याय केवळ दिशा सांगतो, म्हणून तो मला अधिक प्रामाणिक वाटतो. (शुद्धिवाद्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की 'केंद्र' हा शब्दच ग्रीक 'केन्ट्रॉन'वरून ज्योतिषाच्या वाटेने संस्कृतात आला.)

प्रत्यक्ष यंत्र मात्र दोन्ही व्युत्पत्तींना पुरून उरते. साखर कारखान्यात जाळीदार पिंप वेगाने फिरते, मळी जाळीतून बाहेर पडते आणि साखर आतच अडते. दूध फिरवले असता जड भाग बाहेर सरकतो व हलकी साय अक्षाजवळ गोळा होते. युरेनियमच्या समृद्धीकरणातही हवा असलेला हलका समस्थानिक आतल्या बाजूला राहतो. म्हणजे पळणे हे अर्धेच कार्य; भिंत किंवा जाळी नसेल, तर वेगळे काहीच होणार नाही.

राज्यशास्त्र व इतिहासाच्या लेखनात 'केंद्रोत्सारी प्रवृत्ती' हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. मोगल सत्तेच्या ऱ्हासाची चर्चा करताना प्रांतांच्या हालचालींना तो सहज चिकटवला जातो. येथे भौतिकशास्त्राचा एक मुद्दा निसटतो. हे बल केवळ फिरणाऱ्या चौकटीत बसलेल्याला जाणवते. बाहेरून पाहणाऱ्यास असे बल दिसतच नाही; बंधन सुटलेली वस्तू त्याच्या दृष्टीने स्पर्शरेषेवरून सरळ जात असते. मग प्रांत केंद्रापासून पळाला, असे लिहिणारा अभ्यासक कोठे बसून पाहतो आहे? बहुधा दरबारात. हैदराबाद, अवध किंवा बंगालमधून पाहिल्यास तीच घटना स्वतःच्या वाटेने जाण्याची ठरू शकते.

मिखाईल बाख्तिनने १९३४-३५ मध्ये कादंबरीच्या भाषेविषयी लिहिताना हेच रूपक वापरले. पण त्याने दोन्ही बलांना एकत्र ठेवले. त्याच्या मते प्रत्येक उच्चारात भाषेला एकवटणारे आणि विखुरणारे बल एकाच वेळी कार्यरत असते. आपल्या समीक्षेत बहुधा दुसरेच तेवढे उचलले जाते.