नकाशाचे पाठभेद

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने १८८४ ते २००६ या काळातले आपले स्थलदर्शक नकाशे सर्वांसाठी खुले केले आहेत. त्यांतले दक्षिण लुईझियानाचे काही मी एखाद्या ग्रंथासारखे वाचले. मी भाषा शिकवणारा माणूस. लेखकाने काय गाळले हे पाहण्याची सवय जडलेली.

हा भातशेतीचा, गुराढोरांचा आणि तेलाचा मुलूख. १९०१ साली जेनिंग्जजवळ या राज्यातले पहिले तेल लागले ते भाताच्याच शेतात. पुढे किनाऱ्याच्या दलदलीत यंत्रे नेण्यासाठी कालवे खणले गेले. जुन्या पत्रकांवरचे ओहोळ नागमोडी. नंतरच्या आवृत्त्यांत त्यांना छेदणाऱ्या, पट्टीने आखल्यासारख्या रेषा येतात आणि विहिरीपाशी थांबतात. रंग मात्र दोहोंना एकच, निळा. याच वाटांनी खारे पाणी आत शिरले व गवत मेले, हे नकाशा सांगत नाही.

त्याचा एक गुण मात्र मोलाचा आहे. केवळ हवाई छायाचित्रांवरून केलेल्या, जागेवर न पडताळलेल्या दुरुस्त्या जांभळ्या रंगात छापलेल्या असत. आपण जिथे गेलो नाही ते इतके उघड सांगणारे लेखक आपल्याकडे किती?

दोष मुळातला आहे. समोच्च रेषांतले अंतर सहसा ५ फुटांचे आणि दलदल जेमतेम एक-दोन फूट उंच! जमीन फूटभर खचली तरी कागदावर काही हलत नाही. ती बुडाली, की दलदलीची खूण जाऊन एकदम सपाट निळा रंग येतो. मिसिसिपीच्या बांधांनी गाळ अडला, कालव्यांनी दलदल पोखरली, जमीन खचली. १९३२ ते २०१६ या काळात किनाऱ्याची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर भूमी गेली.

प्लॅकमिन्स परगण्यातल्या यलो कॉटन बे या उपसागराचे नाव तर २०११ नंतर सरकारी सागरी नकाशांवरून काढून टाकण्यात आले. भोवतीची जमीनच उरली नव्हती, मग उपसागर कशाचा? जुन्या पत्रकांवर ते नाव अजून वाचता येते.

म्हणून माझे मत असे, की एकच पत्रक प्रमाण मानू नये. जुनी पोथी संपादणारा जसे पाठभेद लावतो, तशा सर्व आवृत्त्या शेजारी मांडाव्यात. एकेका पत्रकाने जे सांगितले नाही, ते त्यांच्यातल्या फरकांत सापडते.