फलंदाजीचे शास्त्र : नियम आणि कारण

टेड विल्यम्स यांनी जॉन अंडरवुड यांच्या साहाय्याने लिहिलेला ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ (१९७०) हा ग्रंथ बेसबॉलचा आहे. सॉफ्टबॉलच्या शिक्षणासाठी तो हाती घेताना नियम व नियमाचे कारण यांत भेद करणे अवश्य ठरते. बॅट किंचित चढती फिरवावी, हा विल्यम्स यांचा नियम. उंचवट्यावरून सुटलेला चेंडू उतरत येतो, म्हणून बॅटचा मार्ग त्याच्या मार्गाशी जुळावा, हे त्याचे कारण. महिलांच्या फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये उंचवटा नसतो. ४३ फुटांवरून चेंडू हात खालून फिरवून, कमरेजवळून सोडला जातो. येथे कारण टिकते. चढावाचे प्रमाण मात्र नव्याने ठरवावे लागते.

दुसरा प्रश्न श्रोत्याचा. कास्टानेडा व ग्रे यांच्या २००७ सालच्या आभासी बेसबॉल फलंदाजीच्या प्रयोगात निष्णात खेळाडूंना बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूकडे लक्ष देणे लाभदायक ठरले. कमी कुशल खेळाडूंना हाताच्या वा बॅटच्या हालचालीकडे. अर्थात, एकच आज्ञार्थी वाक्य एकास दिशा देते, तर दुसऱ्यास संभ्रमात टाकते. नवशिक्याच्या अपयशाचा दोष त्याच्या अंगी लावण्यापूर्वी शिक्षकाने आपले वाक्य तपासले पाहिजे. वाक्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या पूर्वानुभवाने पूर्ण होतो, हे तत्त्व मैदानावरही खरे आहे. विल्यम्स यांच्या ग्रंथाचे मोल म्हणूनच त्यातील आज्ञांपेक्षा त्यांमागील कारणमीमांसेत अधिक आहे.