घड्याळाच्या गोष्टीत राहिलेली वजाबाकी

डेव्हा सोबेल यांचे 'लाँजिट्यूड' (१९९५) हे छोटेखानी पुस्तक विज्ञान शिक्षकांनी जरूर वाचावे. समुद्रावर रेखांश कसा काढायचा हा प्रश्न आणि तो घड्याळाने सोडवणारा सुतार जॉन हॅरिसन, यांची गोष्ट लेखिकेने फार रंगवून सांगितली आहे. मात्र ती वर्गात सांगण्यापूर्वी तिच्यातील एक उणीव ध्यानात घ्यायला हवी, असे आम्हांला वाटते.

पुस्तक मिटल्यावर मनावर ठसते ते असे, की अचूक घड्याळ मिळाले आणि प्रश्न सुटला. वास्तविक घड्याळ सांगते ती ग्रिनिचची वेळ. जहाज जिथे आहे तिथली वेळ आकाशाकडूनच मिळवावी लागते. त्यासाठी सेक्स्टंटने ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजतात, आणि ही उंची जशीच्या तशी वापरता येत नाही.

समजा, यंत्राची शून्य त्रुटी दूर करून उंची आली २० अंश. निरीक्षकाचा डोळा पाण्यापासून ९ मीटर उंचावर असेल, तर त्याला दिसणारे क्षितिज डोळ्याच्या सपाटीपेक्षा ५.३ कला खाली असते. शिवाय हवेतील वक्रीभवनामुळे तारा सुमारे २.७ कला वर उचललेला दिसतो. म्हणजे एकूण ८ कला वजा करायला हव्यात. विषुववृत्तावर, तारा ऐन पूर्वेला किंवा पश्चिमेला असता, एवढ्याने रेखांशात ८ सागरी मैलांची, जवळजवळ १५ किलोमीटरची चूक होईल. घड्याळ ३२ सेकंद चुकले तर होईल तेवढीच! हॅरिसनचे एच-४ घड्याळ १७६१-६२ च्या जमैका सफरीत, ठरलेला दैनिक फरक हिशेबात धरता, ८१ दिवसांत सुमारे ५ सेकंदच मागे पडले होते. ही वजाबाकी विसरणाऱ्याला त्या अचूकतेचा काय उपयोग?

पुस्तकात अशा दुरुस्त्या येतात त्या मुख्यतः चंद्राच्या अंतरावरून रेखांश काढण्याच्या पद्धतीतील कटकट म्हणून. त्या पद्धतीचा पुरस्कर्ता नेव्हिल मॅस्केलाइन तर खलनायकच ठरतो. पण त्याने १७६७ सालापासून सुरू केलेले 'नॉटिकल अल्मनॅक' घड्याळ बाळगणाऱ्या नाविकालाही उपयोगी होते. सूर्यताऱ्यांची स्थाने त्यातूनच घ्यायची.

व्हर्नियरची शून्य त्रुटी वजा करताना मुले कंटाळतात. त्यांना हॅरिसनची गोष्ट अवश्य सांगावी. पण सोबत वरील हिशेब फळ्यावर मांडावा, आणि डोळ्याची उंची ४ मीटर घेतल्यास क्षितिज किती कला खाली जाईल, ते त्यांनाच काढू द्यावे. मीटरमधील उंचीच्या वर्गमूळाला १.७६ ने गुणले, की उत्तर कलांमध्ये मिळते.