‘जाता जाता’ : महानगरातील आईचा दिवस आणि बाहेरचे खाणे

(१)

महानगर हा आधुनिक साहित्याचा एक प्रमुख विषय आहे आणि ‘एका दिवसाची कथा’ हा त्या विषयाला मानवलेला एक रचनाबंध. या दोहोंचा मेळ घालणाऱ्या कृतींची तौलनिक चर्चा बहुधा ‘फ्लानर’ या संकल्पनेच्या आधारे केली जाते. गर्दीत रमणाऱ्या या निरुद्देश भटक्याचे चित्र बोदलेअरने १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात रेखाटले. १९३० च्या दशकात वॉल्टर बेन्यामिनने पॅरिसविषयक लेखनातून त्याला सैद्धांतिक प्रतिष्ठा मिळवून दिली. हा भटक्या पुरुष असल्याचे गृहीतच धरलेले आहे, याकडे जॅनेट वुल्फ यांनी १९८५ मधील निबंधात लक्ष वेधले. तेव्हापासून स्त्री-फ्लानरचा शोध सुरू झाला. मात्र या शोधातही निरुद्देशतेचा निकष बहुतांशी तसाच राहिला. हातात पिशवी आणि मनात कामांची यादी घेऊन बाहेर पडलेली आई या निकषाला उतरत नाही आणि त्यामुळे शहराच्या वाचनातून ती निसटते.

मराठी मध्यमवर्गीय घरातील आई ‘शहर पाहायला जाते’ असे सांगून उंबरा ओलांडत नाही. दळण टाकायचे असते, बिल भरायचे असते, शिंप्याकडे माप द्यायचे असते, औषधे आणायची असतात. उरलेली चार कामे ‘जाता जाता’ करायची असतात. ‘जाता जाता’ या दोन शब्दांत एक संपूर्ण व्यवहार सामावलेला आहे. मुख्य काम घराचे असते. त्याच्या आडोशाने जे घडते ते किरकोळ मानले जाते, आणि किरकोळ मानले जाते म्हणूनच त्याला परवानगी असते. गाड्यावरची भेळ, उसाचा रस किंवा वडापाव या आडोशातच येतो. त्याला ‘जेवणे’ म्हणत नाहीत. ‘काहीतरी तोंडात टाकणे’ म्हणतात. घरच्या पंगतीत सर्वांत शेवटी बसणारी स्त्री येथे उभ्याउभ्या, कोणाचीही वाट न पाहता खाते. कामांच्या यादीत नसलेली ही एकमेव नोंद असते.

प्रस्तुत निबंधाचे प्रमेय असे : महानगरातील आईच्या दिवसाची संहिता वाचताना ‘काम’ हा बाहेर पडण्याचा परवाना आणि ‘बाहेरचे खाणे’ ही त्या परवान्याच्या मर्यादेची खूण मानली, तर तिचे शहराशी असलेले नाते भटकंतीच्या निकषापेक्षा अधिक नेमकेपणाने हाती लागते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईसंबंधीच्या ‘व्हाय लॉइटर?’ (२०११) या ग्रंथात, सार्वजनिक अवकाशात वावरताना स्त्रीला आपला हेतू सतत सिद्ध करावा लागतो, असे दाखवले आहे. या समाजशास्त्रीय निरीक्षणाचा साहित्यरूपाच्या अंगाने विचार करणे येथे अभिप्रेत आहे.

(२)

पाश्चात्त्य आधुनिकतावादाच्या दोन प्रातिनिधिक कादंबऱ्यांपासून आरंभ करणे सोयीचे आहे. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ (१९२२) मध्ये १६ जून १९०४ या दिवशी बारीकसारीक कामे करीत डब्लिनभर फिरतो तो लिओपोल्ड ब्लूम. तो सकाळी खाटकाकडून मूत्रपिंड आणतो, साबण विकत घेतो. दुपारी एका खानावळीतल्या पुरुषांचे अधाशी खाणे पाहून किळस आल्याने तो तिथून बाहेर पडतो आणि डेव्ही बर्नच्या ठिकाणी जाऊन चीजचे सँडविच व वाइन घेतो. कुठे खायचे आणि कुठे नाही, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य हाच त्याच्या नागरिकत्वाचा एक आविष्कार आहे. मॉली ब्लूम ही मुलीची आई आणि अर्भकावस्थेतच गेलेल्या मुलाचीही आई. तिच्या वाट्याला हा दिवस घरातच येतो. तिच्यासाठी फळांची टोपली घरपोच येते. तिचे शहर स्मरणातले आहे.

व्हर्जिनिया वुल्फच्या ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) मध्ये क्लॅरिसा स्वतः फुले आणायला निघते. ही खेप हाच कादंबरीचा आरंभ आहे. लंडनच्या रस्त्यावरचा तिचा आनंद निःसंशय खरा आहे. परंतु ती बाहेर काहीही खात नाही. घरी परतल्यावर तिला कळते की, लेडी ब्रूटनकडे दुपारच्या जेवणाचे आमंत्रण केवळ तिच्या पतीला आहे. बाहेर खाताना दिसते ती मिस किलमन. क्लॅरिसाच्या मुलीबरोबर एका मोठ्या दुकानाच्या उपाहारगृहात ती चॉकलेटचे एक्लेअर आसुसून खाते आणि तिची ही भूक निवेदनात काहीशा अप्रिय प्रकाशात मांडली जाते. घरंदाज आई शहरात हिंडू शकते, पण भुकेली दिसू शकत नाही; भूक उघड करणारी स्त्री गरीब आणि अविवाहित आहे. वर्ग आणि भूक यांचा हा सांधा पुढील विवेचनात उपयोगी पडणारा आहे.

सिद्धांताच्या पातळीवरही अशीच एक विभागणी आढळते. मिशेल द सर्तो यांच्या दैनंदिन व्यवहारावरील प्रकल्पाचे दोन खंड १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. शहरातील चालण्यावरचे सुप्रसिद्ध प्रकरण पहिल्या खंडात आहे. स्वयंपाकावरचे ल्यूस ज्यार यांचे लेखन दुसऱ्या खंडात. चालणे सर्तोंकडे आणि रांधणे ज्यार यांच्याकडे, अशी ही वाटणी झाली. दुसऱ्याच खंडात पिएर मेयोल यांनी वस्तीतल्या दुकानदाराशी असलेल्या व्यवहाराचे सूक्ष्म विश्लेषण केले आहे, ही गोष्ट नोंदवलीच पाहिजे. तरीही रांधणारीच चालत असते आणि चालता चालता दुसऱ्याने रांधलेले खाते, हा प्रसंग या दोन खंडांच्या मधल्या जागेत राहून जातो.

(३)

भारतीय संदर्भात कोलकात्याच्या दोन कृती या मधल्या जागेवर प्रकाश टाकतात. नरेंद्रनाथ मित्र यांच्या कथेवर आधारलेल्या सत्यजित राय यांच्या ‘महानगर’ (१९६३) या चित्रपटातील आरती ही लहान मुलाची आई शिवण-विणकामातल्या यंत्राची विक्री करीत दारोदार फिरते. तिचे फिरणे नोकरीचे आहे, म्हणून त्याला घराची नाराज संमती आहे; सासरे मात्र सुनेच्या कमाईला हात लावत नाहीत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रसंग उपाहारगृहातला आहे. आरती एका परिचित पुरुषाबरोबर टेबलाशी बसली आहे आणि बेकार झालेला तिचा पती ओळख लपवून जवळच बसून तिचे बोलणे ऐकतो आहे. ती बोलते ते त्याचीच बाजू सावरणारे असते; त्याची परिस्थिती आहे त्याहून बरी असल्याचे ती सांगते. तथापि प्रेक्षकाला ताण जाणवतो तो तिच्या शब्दांपूर्वी, तिच्या तिथे बसण्यानेच. काम दारोदार नेते तोवर चालते. काम टेबलाशी बसवते तेव्हा संशयाला जागा होते.

महाश्वेता देवी यांची ‘हजार चुराशीर मा’ (१९७४) ही कादंबरी सकाळपासून रात्रीपर्यंतच्या एकाच दिवसाची आहे. नक्षलवादी चळवळीत मारल्या गेलेल्या ब्रतीचा तो जन्मदिवस आणि त्याच दिवशी त्याच्या बहिणीचा साखरपुडा. घरच्या समारंभाची तयारी चालू असताना सुजाता बाहेर पडते. ब्रतीच्या मृत मित्राच्या आईला भेटते, नंदिनीला भेटते आणि ज्या मुलाला तिने वाढवले त्याची ओळख तिला परक्यांच्या घरांत पटत जाते. रचनेच्या दृष्टीने पाहता हा दिवस म्हणजे आईच्या कामांच्या यादीचीच एक भीषण आवृत्ती आहे. घराची कामे उघड आहेत, तिची स्वतःची कामे ‘जाता जाता’ उरकायची आहेत. वाचकाच्या लेखी मात्र ही दुसरी यादीच खरी ठरते. रात्री घरात पाहुण्यांचे खाणेपिणे रंगात येते आणि सुजाताचे दुखणारे शरीर त्याच गर्दीत कोसळते. समारंभाच्या अन्नाला येथे विस्मरणाचे रूप आले आहे. बाहेरच्या वाटेवर मिळालेले सत्य घरच्या टेबलावर मांडता येत नाही, ही या कादंबरीची शोकांतिका आहे.

(४)

शांताल अकरमन यांच्या ‘जान दिएलमन’ (१९७५) या चित्रपटात ब्रुसेल्समधील एका विधवा आईचे तीन दिवस येतात. टपालकचेरी, चांभार, किराणा, मुलाच्या कोटासाठी जुळणाऱ्या बटणाचा शोध ही तिची कामे. आणि त्यांच्या अधेमधे ठरलेल्या कॅफेतल्या ठरलेल्या जागेवरची एक कॉफी. तिसऱ्या दिवशी त्या जागेवर दुसरी स्त्री बसलेली असते. कथानकाच्या दृष्टीने हा प्रसंग क्षुल्लक वाटेल. परंतु त्या कॉफीपुरतीच तिची अशी जागा शहरात होती, हे ध्यानात घेतले की पुढील विध्वंसाची ही एक ठळक पूर्वसूचना ठरते.

गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) या हिंदी चित्रपटातील शशी गोडबोले ही पुण्याची गृहिणी लाडू करून विकते. घरी सकाळची कॉफी तिला निवांतपणे मिळत नाही. न्यूयॉर्कमधील कॅफेत ती एकटी जाते तेव्हा मागणी नोंदवतानाच तिचा पाणउतारा होतो. इतरांना खाऊ घालणारी स्त्री स्वतःसाठी मागू लागते आणि मागण्याची भाषाच तिच्यापाशी नसते. येथे भाषा म्हणजे केवळ इंग्रजी असे मानले तर चित्रपटाचा अर्थ आकसतो. स्वतःसाठी पदार्थ निवडण्याचा सराव हीदेखील एक भाषाच आहे आणि ती तिला पुण्यातही कोणी शिकवलेली नाही. इंग्रजीच्या वर्गाचे शुल्क ती लाडवांच्या कमाईतून भरते, हा तपशील म्हणूनच अर्थपूर्ण आहे.

शशीचे लाडू आणखी एका गोष्टीकडे निर्देश करतात. ‘बाहेरचे खाणे’ हे घरच्या अन्नाच्या विरोधी टोकाला ठेवण्याची आपली सवय फसवी आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग असो, किंवा गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ असो, मुंबईच्या बाहेरच्या खाण्यामागे अनेकदा कोणा आईचेच स्वयंपाकघर उभे आहे. एकीची मोकळीक दुसरीच्या श्रमावर उभी असते. तेव्हा गाड्याशी उभ्या राहिलेल्या स्त्रीचे मुक्तिचित्र रंगवताना समीक्षेने सावध असावे.

(५)

या सावधगिरीचे सर्वांत मोठे कारण जात हे आहे. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनात गवत, लाकूडफाटा, तांदूळ, आंबे अशी ओझी डोक्यावर घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला पायी जाणाऱ्या खेड्यातल्या स्त्रिया येतात. बाजारहाट हा त्यांच्या पोटापाण्याचा व्यवहार आहे. लेखिकेची आई घरी बांबूची आयदाने विणते. ती गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवण्याचे काम लहानग्या मुलीकडे येते. वस्तूवर पाणी शिंपडून ती घेतली जाते आणि पैसे वरून हातात टाकले जातात. या मुलीच्या दृष्टीने शहराच्या रस्त्यावर ‘जाता जाता’ काही घेणे ही किरकोळ गोष्ट राहत नाही. मध्यमवर्गीय सवर्ण आईसाठी गाड्यावरचे खाणे ही घरच्या शिस्तीतून घेतलेली क्षणभराची सुटका असेल. अस्पृश्यतेचा अनुभव घेतलेल्या स्त्रीसाठी, कोणी नाव-गाव न विचारता तिच्या हातात हात आखडता न घेता पदार्थ ठेवणे, हा हक्काचा प्रश्न आहे.

येथे मिस किलमनची आठवण ठेवणे उचित होईल. रस्त्यावर कोणाची भूक सुसह्य वाटते आणि कोणाची खुपते, हे वर्ग आणि जात ठरवतात. ‘जाता जाता’चा आडोसाही सर्वांना सारखा लाभत नाही. जिच्या डोक्यावर ओझे आहे तिला हेतू सिद्ध करावा लागत नाही. तिच्या बाबतीत प्रश्न हेतूचा नसून स्पर्शाचा असतो. म्हणून आरंभी मांडलेल्या प्रमेयात एक दुरुस्ती आवश्यक ठरते : बाहेरचे खाणे ही परवान्याच्या मर्यादेची खूण आहेच, पण ती मर्यादा घर घालते की रस्ता, हे प्रत्येक संहितेला स्वतंत्रपणे विचारले पाहिजे. आरती, सुजाता आणि शशी यांना घर अडवते. ‘आयदान’मधील मुलीला दुसऱ्याचे घर आणि रस्ता दोन्ही अडवतात.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला यातून एक पद्धतिविषयक सूचना मिळू शकते. डब्लिन, लंडन, ब्रुसेल्स, कोलकाता आणि रत्नागिरी ही शहरे आकाराने व इतिहासाने भिन्न आहेत. भटकंतीच्या निकषावर त्यांची तुलना केली तर भारतीय संहिता नेहमीच अपुऱ्या, उशिराने आलेल्या वाटतात. त्याऐवजी आई कोणत्या कामासाठी निघाली, वाटेत कुठे थांबली, कोणी तिला काय दिले आणि ते तिने कसे खाल्ले, हे चार साधे प्रश्न विचारले तर तुलनेला समान पाया मिळतो. मराठी कथा-कादंबरी आणि आत्मकथने यांतील बाजारहाटाची वर्णने आजवर वातावरणनिर्मितीच्या खात्यात जमा होत आली आहेत. ती नव्याने वाचण्याची गरज आहे. कारण ज्या स्त्रियांनी शहराविषयी स्वतंत्रपणे काही लिहिले नाही, त्यांचे शहर बहुधा त्या वर्णनांतच नोंदले गेले आहे.