निम्म्या गाण्यानंतर येणारा आवाज

‘द क्युअर’चा ‘डिसइंटिग्रेशन’ हा अल्बम सुरू होतो तो बारीक किणकिणाटाने. काही क्षण नुसती किणकिण, आणि मग की-बोर्ड आणि ड्रम लाटेसारखे अंगावर येतात. गाणारा मात्र येत नाही. सव्वापाच मिनिटांच्या ‘प्लेनसाँग’मध्ये जवळजवळ निम्मं गाणं सरल्यावर रॉबर्ट स्मिथचा आवाज ऐकू येतो, तोही वाद्यांच्या आडून. तोवर मन हळवं झालेलं असतं. शब्द येण्याआधीच श्रोत्याला गाण्यात बसवायचं, ही या बँडची खरी कला.

ती सहज आली नाही. इंग्लंडमधल्या ससेक्सच्या क्रॉली गावातल्या या मुलांचा पहिला अल्बम १९७९चा. ‘सेव्हन्टीन सेकंड्स’, ‘फेथ’ आणि ‘पॉर्नोग्राफी’ हे पुढचे तीन १९८० ते १९८२मध्ये वर्षाला एक असे आले आणि उत्तरोत्तर काळोखे होत गेले. गॉथ, म्हणजे काळोख्या संगीताचा, हा शिक्का बसला तो इथे. स्मिथला तो कधीच रुचला नाही. या गाण्यांत सायमन गॅलपचा बेस नीट ऐकावा. तो मागे राहून नुसता ठेका धरत नाही. पुष्कळदा गाण्याची चाल बेसवरच चालते आणि गिटार तिच्याभोवती धुक्यासारखी पसरते.

‘पॉर्नोग्राफी’नंतर बँड फुटायच्या बेतात होता. गॅलप सोडून गेला. अशा वेळी स्मिथने काय केलं, तर ‘द लव्हकॅट्स’सारखं बागडणारं गाणं केलं. पुढे १९९२मध्ये ‘फ्रायडे आय ॲम इन लव्ह’ आलं. काहींना ही तडजोड वाटली. मला नाही वाटत. लग्नाची भेट म्हणून बायकोसाठी लिहिलेलं ‘लव्हसाँग’ ‘डिसइंटिग्रेशन’सारख्या उदास अल्बममध्येच आहे. साध्या शब्दांतलं, साडेतीन मिनिटांचं ते गाणं अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. आनंद आणि काळोख या बँडकडे शेजारीशेजारी नांदतात.

‘डिसइंटिग्रेशन’ मे १९८९मध्ये आला, तेव्हा स्मिथला तिशी पुरी होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. वय निसटून चाललंय ही धास्ती त्या अल्बमभर आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये, १६ वर्षांच्या खंडानंतर, ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ हा नवा अल्बम आला. स्मिथ तेव्हा ६५ वर्षांचा होता. आई, वडील, थोरला भाऊ गेलेले. या अल्बमच्या पहिल्याच ‘अलोन’ या गाण्यात तीन मिनिटांहून अधिक वेळ नुसती वाद्यं वाजतात. पुन्हा निम्मं गाणं सरतं, आणि मग आवाज येतो.

रचना तीच, पण तिशीतली धास्ती आता अनुभव झाली आहे. भावावरच्या ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’मध्ये तर दुःखाला कसलीच सजावट उरलेली नाही. त्या ओळखीच्या, किंचित कापऱ्या आवाजात ते गाणं ऐकताना तरुणपणी गायलेला काळोख सोंग नव्हता, याची खात्री पटते.

‘प्लेनसाँग’ आणि ‘अलोन’ एकदा लागोपाठ ऐका. आवाज येईपर्यंत थांबा. घाई करू नका.